आठ नंबरची पाटी

वसमत रोडला, पाण्याच्या टाकीच्या अलीकडं,
जुन्या गाड्या एका रांगेत उभ्या असतात
बाजारात दावणीला लावलेल्या गोऱ्ह्यांसारख्या.
मी जनावरांची डॉक्टर. दात बघायची सवय.
म्हणून आधी टायर बघितले.
चारही सारखे झिजलेले पाहिजेत,
एक जरी नवा निघाला तर मागची जोडणी कुरकुरते,
हे मुजीबनं शिकवलेलं.

दोन गाड्या. एक पांढरी,
बावीस नंबर, इथलीच,
औंढ्याच्या पुढं कधी न गेलेली,
सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच.
दुसरी तपकिरी,
तिला आठ नंबरची पाटी. रत्नागिरी.

तोष्णीवालांचा पोरगा म्हणाला,
"चारही चाकांना ताकद कशाला पाहिजे म्याडम?
डांबरी रस्ता तर झाला की आता."
डांबर झरीपर्यंत आहे. त्याच्या पुढं एका वस्तीवर
आषाढात म्हैस अडते, रात्री दोनला.
काळी माती चाकाला धरते ती धरतेच.
मागच्या साली बॅग डोक्यावर घेऊन
दीड किलोमीटर चालले.
चपला चिखलात राहिल्या.
रेडकू राहिलं नाही.

"बरं. अजून कशासाठी?"
अजून म्हणजे समुद्र.
हे मी जरा खालच्या आवाजात सांगितलं.
साडेपाचशे किलोमीटर,
वर्षातून एकदा, जमलं तर दोनदा.
तो हसला नाही,
फक्त आत ओरडून म्हणाला, म्याडमला पाणी दे रे.

मुजीब गोणपाट टाकून खाली शिरला.
पांढरीखालून लगेच बाहेर. "ओके हाय."
तपकिरीखाली बराच वेळ
नुसते त्याचे पाय,
टॉर्चचा हलता उजेड,
पेचकसाची टकटक,
मग पापुद्रा सुटल्याचा आवाज.
बाहेर आला तेव्हा तळहातावर गंजाची खपली,
खपलीत दोन-चार पांढुरके कण.
"नका घेऊ. ही खाऱ्या पाण्यात उतरलेली हाय.
लई समुद्र बघितला हिनं."

ते कण मी बोटाच्या टोकावर घेतले.
आमच्याकडं वाळू म्हणजे गोदावरीची,
अंधारात हायवातून पळणारी,
तलाठ्याला बघून दिवे मालवणारी.
ही बारीक. शिंपल्याचा चुरा असलेली.
कुणाच्या स्लॅबमध्ये न गेलेली.

मग शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर
स्टिअरिंग पूर्ण कापून गोल-गोल फिरवली, हळू.
कुठंच अडखळली नाही.
पलीकडं नांगरट होती, ओली.
मालकाची परवानगी नव्हती.
चकती लॉकवर नेली अन् घातली आत.
पुढची चाकं फिरली, रुतली, फिरली,
आणि मग मागून उठली ती.
गाय उठताना आधी मागचे पाय उभे करते ना,
अगदी तशी.

भाव ठरवायला रुमाल नव्हता,
नाहीतर बोटं धरून मोकळी झाले असते.
गंजाचे पस्तीस हजार कमी करून घेतले.
मुजीब घरापर्यंत बोलला नाही.
फाटकाशी उतरताना म्हणाला,
"पत्रा मी झाळून देतो, खालून रबरी रंगबी मारतो.
पण समुद्रावर नेली की तिथंच धुवायची,
गोड्या पाण्यानं, लगेच, दोन ड्रम तरी."

आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येतं.
मी मनातल्या मनात ड्रम मोजले.

"तिथं मिळतं का हो गोडं पाणी?"

ठाऊक नाही, मी म्हणाले.
मी अजून गेलेच नाही.